अर्धी घडी

लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी वीतभर घसरली आणि थांबली. एवढंच झालं. दिवा मिचमिचला, कुणीतरी "अरे" म्हणालं, आणि काहीच न घडल्यासारखी लिफ्ट पुन्हा चालू लागली. हिमायतनगरच्या त्या जुन्या इमारतीतल्या लिफ्टला ही खोड होतीच. विम्याचे दावे तपासण्यात आठ-आठ वर्षं काढलेल्या माणसांना तिचं काही वाटत नसे. पण त्या वीतभरात निशिगंधाचा उजवा हात आपसूक मागे गेला होता, कमरेच्या खाली, आणि कुर्त्याची चुणी मुठीत गच्च धरून बसला होता. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरची नीलिमा बघत होती. "कमर में मोच आई क्या?" तिने विचारलं. "हौ," निशिगंधा म्हणाली. मूठ सोडायची म्हटल्यावरही ती लगेच सुटली नाही.

रस्त्यावर आल्यावर ती नारायणगुड्याकडे चालू लागली. शुक्रवारची संध्याकाळ, दुकानांसमोर गाड्यांची दाटी, आणि डोक्यात रविवारपासून चाललेली तीच चक्की. पाच दिवस ती आपल्या हाताला एकच प्रश्न विचारत होती आणि हात काही बोलायला तयार नव्हता. पडायला लागलं की मागे जायचं, तिथली छत्रीची मूठ ओढायची, हे त्याला लिफ्टमध्येसुद्धा आठवतं. मग रविवारी दुपारी चटईवर बसून त्याने काय केलं, तेच नेमकं का आठवू नये? गल्ली ओलांडल्यावर दाराला कुलूप लावलं की नाही हे आठवत नाही, तसं झालं होतं. पण कुलपासाठी माणूस परत जाऊन बघू शकतो. रविवारच्या दुपारी परत कसं जायचं?

तसं पाहिलं तर गणित सरळ होतं. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, एक नेहमीची, एक राखीव. नेहमीची आपोआप उघडत नाही. कमरेमागच्या मुठीला एक छोटी छत्री असते, तिला सगळे पायलट म्हणतात. ती वाऱ्यावर सोडली की फुगते आणि मोठीला बाहेर ओढते. मात्र घडी करताना या पायलटच्या आतली दोरी ताणून ठेवावी लागते. ताणली, की पायलटला मोठीशी जोडणाऱ्या पट्टीवरच्या नखाएवढ्या खिडकीत हिरवा रंग येतो. विसरली, की खिडकी पांढरी राहते, आणि पायलट फुगत नाही, ओल्या फडक्यासारखी नुसती मागे फडफडत राहते. रविवारी तिला उडी शिकवणाऱ्या हर्षवर्धन सरांची फडफडली. म्हणजे दोरी ताणलेली नव्हती, आणि ज्याने घडी बंद केली त्याने खिडकी बघितली नव्हती. घडी बंद केली होती निशिगंधाने. तरीही तिचं मन कडेकडेने पळवाट शोधत होतं. ताणलेली दोरी कधीकधी मागे सरकते म्हणतात. कधीकधी. या एका शब्दावर तिने सोमवार काढला, मंगळवारही काढला. बुधवारी राणीचा फोन आला आणि तो शब्द निकामी झाला.

राणी उड्यांच्या क्लबच्या धावपट्टीजवळच्याच गावची. शहरापासून दीड तासावर, चिंचेच्या झाडांपलीकडे क्लबची पत्र्याची शेड आहे, तिथे शनिवार-रविवार राणी छत्र्यांच्या घड्या करते. तिला हे काम निशिगंधानेच शिकवलं, गुडघ्याला गुडघा लावून, एका चटईवर. पहिल्या दिवशीच नियम सांगितला होता, की दुसऱ्याची अर्धी घडी हातात घ्यायची नाही. घ्यायचीच झाली तर सगळी उलगडायची आणि पहिल्यापासून करायची. राणीने विचारलं होतं, "कैकू अक्का? आधा काम तो हुआच ना?" निशिगंधाने तिला दटावलं होतं, की कुणी काय केलं आणि काय राहिलं ते डोळ्यांनी दिसत नाही म्हणून. काय ऐट होती तेव्हा तिच्या बोलण्यात!

ती स्वतः त्याच चटईवरून वर आलेली. सहा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून गेली, शिकवणाऱ्याच्या पोटाला बांधून घेऊन एकदा आकाशातून पडली, आणि खाली आल्यावर परत जायची गाडी तिने सोडून दिली. लोक विचारतात, वर काय वाटतं. तिला पहिल्यांदा एवढंच वाटलं होतं, की आता मिनिटभर आपल्याला कुणी हाक मारणार नाही. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, लग्नाचं काय, काही नाही. त्या मिनिटासाठी ती दर आठवड्याला जाऊ लागली. शिकण्यासाठी क्लबमध्ये तिच्यासारख्यांना एकच रस्ता होता, घड्या करायच्या आणि त्याबदल्यात उड्या शिकायच्या. हर्षवर्धन सरांनी तो दिला. सर हिमायतनगरच्याच एका बियाण्याच्या व्यापाऱ्याचे, उमाजीशेठचे चिरंजीव. क्लब त्यांनीच उभा केलेला. "ही आपल्या मातीतली मुलगी," ते सगळ्यांना सांगत. "बाहेर शिकून आलेली नाही, इथे घडलेली आहे." हे ऐकताना तिला बरंही वाटे आणि कुठेतरी टोचेही. माती म्हणजे नेमकी कुणाची, हे तिने कधी विचारलं नाही.

मातीचं हे कौतुक अलीकडे वाढलं होतं त्याला कारण होतं. पुढच्या महिन्यात क्लबची निवडणूक. समोर विकासचा गट, आयटीतली, थायलंडला नाहीतर स्पेनला जाऊन शिकून आलेली मंडळी. त्यांचं म्हणणं, परदेशी शिक्का असल्याशिवाय कुणी इथे शिकवायचं नाही. सरांचं म्हणणं, शिकवणारे इथेच तयार होतात, आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडे निशिगंधा होती, एकशे सत्त्याऐंशी उड्यांची. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप झाले होते आणि दोन्हीकडे तिच्या नावाने कुजबुज चाले. आकाशात हात धरून गोल करणारी माणसं खाली आली की एकमेकांच्या चहाच्या किटलीला शिवत नसत. येत्या रविवारी तिला कोच करायचं ठरलं होतं. आणि महिन्याभरापूर्वीच सरांनी बजावलं होतं, "आता चटईवर बसायचं नाही. कोच खाली बसत नाही. विकासची पोरं फोटो काढतात, कळतंय का?" तिला कळलं होतं. चटई लगेच सुटली, पण हाताची खाज सुटली नव्हती.

त्या दुपारी म्हणून तर सगळं झालं. फेरी भरत आली होती, विमानाचा पंखा फिरत होता, आणि शेडमागे राणीचं मूल रडायला लागलं. राणी सरांची छत्री पिशवीत घालून तशीच उठून धावली. दोऱ्या बाहेर लोळत होत्या. निशिगंधाने इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं, आणि ती खाली बसली. किती बरं वाटलं तिला बसल्यावर! दोऱ्या आवळल्या, रबरात अडकवल्या, कप्पा बंद केला. प्रत्येक घडीला करणाऱ्याच्या रंगाचा दोरा बांधायचा, अशी क्लबची रीत; राणीचा लाल, तिचा स्वतःचा पिवळा. पिवळा बांधला असता तर ती चटईवर बसली होती हे सगळ्यांना कळलं असतं. तिने लाल बांधला. पुढे विमानात, दार उघडण्याआधी, प्रत्येकाने शेजाऱ्याच्या पाठीवरचा कप्पा तपासायचा आणि ठीक असेल तर पाठीवर थाप द्यायची असते. सरांनी तिच्याकडे पाठ केली. आपलीच तर घडी, असं वाटून तिने न बघता थाप दिली. ती थाप मात्र तिच्या हाताला स्वच्छ आठवत होती.

मग तिने उडी मारली, तिची छत्री उघडली, सगळं शांत झालं. आणि समोरून, बऱ्याच अंतरावरून, सर खाली गेले. त्यांच्यामागे ते फडकं फडफडत होतं. ती मोजायला लागली, का ते तिलाही कळलं नाही. सहा, सात. आठ म्हणताना पांढरी राखीव छत्री उघडली. खाली उतरल्यावर सर मोठमोठ्याने हसत होते, चहा मागत होते, त्यांची बोटं मात्र कपाला वाजत होती. पाठीवरचा नेहमीचा कप्पा तसाच बंद, त्याच्या कोपऱ्यात लाल दोरा. रिवाजाप्रमाणे राखीव छत्रीची घडी करणाऱ्याला पेढे गेले. आणि राणीला सांगितलं गेलं, शनिवारी सगळ्यांसमोर कप्पा उघडू, तोवर चटईला हात लावायचा नाही.

"अक्का, मैं कुछ नै बोली," बुधवारी राणी फोनवर म्हणाली होती. निशिगंधाला आधी समजलंच नाही. मग राणीनेच सांगितलं. ती मुलाला घेऊन परत येत असताना तिने चटईवरून अक्का उठताना बघितली होती. "मैं डोरी खींचनाच भूल गई थी, बाबू रो रा था ना. गलती मेरीच है. तुम परेशान नक्को हो. तुम कोच बन जाओ, फिर मेरेकू वापस रख लेना." किती सोपं करून ठेवलं होतं तिने सगळं. फोन ठेवल्यावर निशिगंधाला सुटल्यासारखं वाटलं, अगदी मोकळं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. तिने बसून आवडीने जेवण केलं. मग ताट घासताना तिला स्वतःची अशी किळस आली की नळ तसाच वाहत राहिला.

अंबरपेठेतल्या घरी पोचली तेव्हा वडील, नागोराव, दारातल्या खुर्चीत बसले होते. आई, चतुराबाई, मेथी निवडत होती. आत भिंतीवरच्या दोन तसबिरींखाली दिवा लावलेला. नागोराव रेल्वेत कीमन होते. तीस वर्षं खांद्यावर हातोडा टाकून रोज सात किलोमीटर रूळ चालले, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या एकेक करून बघितल्या, ढिली दिसली की ठोकली. नोकरी संपली तरी नजर गेली नव्हती. तिला नऊ वर्षांची असतानाची नामपल्लीची नुमाईश, तिथली ती मोठी जत्रा आठवली. मोठ्या पाळण्यात बसल्यावर पुढचा दांडा अडकवून माणूस निघाला, तर बाबांनी त्याला परत बोलावलं, खीळ काढायला लावली, पुन्हा घालायला लावली. खीळ नीटच होती. मागचे लोक ओरडायला लागले, "ओ चाचा, डर लगरा तो उतर जाओ!" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाळणा वर गेला तेव्हा सगळं शहर दिव्यांनी भरलेलं होतं, आणि तिने ते बघितलंच नाही, बाबांवर रुसून खाली मान घालून बसली होती.

"बाबा," ती पायरीवर बसत म्हणाली, "एखादी चावी बघितली का नाही, हे नंतर आठवलंच नाही तर काय करायचात तुम्ही?"

"आठवायचं कामून? माघारी जायचं."

"आणि तेवढ्यात गाडी येऊन गेली असली तर? काही न होता गेली असली तर?"

चतुराबाईंचा हात थांबला. "काय झालं गं? असं काय विचारायलीस?" त्या म्हणाल्या.

"तरीबी जायचं," नागोराव म्हणाले. "तिच्यामागं दुसरी येतीच की."

एवढं बोलून ते खुर्ची उचलून आत गेले. तिने आईपुढची मेथी ओढून घेतली आणि निवडायला लागली. प्रत्येक काडी ती दोनदा बघत होती.

शनिवारी सकाळी सातलाच ती शेडवर पोचली. चिंचांवर ऊन नुकतं आलं होतं. सर नळापाशी तोंड धूत होते. तिला बघून त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि हळू आवाजात म्हणाले, "बुधवारी उघडून बघितला मी कप्पा. रबरं दोनदा पिळलेली. राणी एकदाच पिळते. सहा वर्षं तुझ्या घडीवर उडी मारतोय मी, मला कळत नाही होय?"

"सर, मी सांगणारच होते."

"कुणाला सांगणार होतीस? विकासला?" ते हसले. "काही सांगायचं नाही. रबरं मी सोडवून एकदाच पिळून ठेवलीत. खिडकी पांढरीच आहे, ती तशीच. राणीला दोन-तीन महिने बसू दे घरी, निवडणूक झाली की आणू. तू इथवर आलीस ती वाया घालवायला? तुमच्यात एवढं वर कोण आलंय सांग बरं."

ते खांद्यावर थोपटून पुढे गेले. थोपटण्यात माया होती, खोटी नव्हती. तेच तर अवघड होतं. हा माणूस तिच्यामुळे मरता मरता वाचला होता आणि तिच्यावर रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. आणि ते "तुमच्यात". तो शब्द नळाच्या पाण्याबरोबर वाहून जाईल म्हणून ती थांबली, पण तो काही गेला नाही.

शेडमध्ये वीसेक माणसं गोळा झाली. खुर्च्यांवर एकीकडे सरांची, दुसरीकडे विकासची. मध्ये चटई, चटईवर सरांच्या छत्रीचं ते बोचकं, आणि खांबाला टेकून राणी, कडेवर मूल. विकासने सगळ्यांना दिसेल असा कप्पा उघडला. खिडकी पांढरी होती. पिशवी बाहेर आली. "रबर सिंगल है, धागा लाल है," विकास म्हणाला. "राणी, तुमने रस्सी खींची थी?"

"नै खींची सर," राणी म्हणाली. "मेरी गलती." तिने निशिगंधाकडे एकदाही बघितलं नाही. मूल तिच्या गळ्यातले मणी ओढत होतं.

झालं, इतकंच होतं. आणखी मिनिटभर गप्प बसलं की सगळं पार पडणार होतं. निशिगंधाला पायाखालची फरशी वीतभर खाली गेल्यासारखं वाटलं आणि तिचा हात पुन्हा मागे जाऊ लागला. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला. "घडी मी बंद केली," ती म्हणाली. आवाज चिरका आला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "अर्धी घडी मी हातात घेतली. खिडकी बघितली नाही. विमानातही बघितली नाही. लाल दोरा मी बांधला."

मग विकासच हसला, जरा आदरानेच. "निशी, तू अच्छी है, पर रहने दे. तेरे रबर डबल होते हैं, सबको मालूम है. ये सिंगल हैं." मागून कुणीतरी म्हणालं, "कितना बडा दिल है." खुर्च्या सरकू लागल्या, माणसं उठायला लागली. ती वेड्यासारखी उभी राहिली. तिने खरं सांगितलं होतं आणि ते तिच्या चांगुलपणाच्या खात्यात जाऊन पडलं होतं. राणी जाणारच होती, वर हिचं कौतुक होणार होतं. आता एकच वाक्य उरलं होतं आणि ते सरांच्या नावाने सुरू होत होतं. तिने सरांकडे बघितलं. ज्यांनी आकाश दाखवलं त्यांना सगळ्यांसमोर चोर म्हणायचं. तिने तोंड उघडलं, ओठ हलले, आणि शब्द फुटेना. तिच्या डोळ्यांना पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. पण ती हलली नाही. उठलेल्या माणसांच्या मधोमध, त्या उघड्या पिशवीपाशी उभी राहून ती सरांकडे बघतच राहिली.

सरांनी आधी नजर चुकवली. मग बोचक्याकडे बघितलं. मग बराच वेळ आपल्या बोटांकडे.

"रबरं मी बदलली," ते शेवटी म्हणाले. "बुधवारी. आधी डबलच होती."

पुढचा अर्धा तास नुसता गोंगाट होता. तिचं कोच होणं गेलं. निदान तीन महिने उडी नाही, असं ठरलं. सरांनी निवडणुकीतून नाव काढून घेतलं की विकासने काढायला लावलं, हे नंतर दोन्ही ग्रुपवर वेगवेगळं सांगितलं गेलं. राणीला ताकीद मिळाली आणि चटई परत मिळाली. निशिगंधा भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. डोक्यात तीच चक्की चालू होती, फक्त आता तिच्यात दळायला काही नव्हतं.

नऊ वाजता पहिली फेरी भरू लागली. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. सरांनी आपलं बोचकं उचललं, तिच्या समोरून नेलं आणि राणीपुढे ठेवलं. निशिगंधाने मान वळवली. हेही बरोबरच होतं, तिने स्वतःला समजावलं, आणि ते तिला खोलवर लागलं. राणीने सगळी छत्री उलगडली आणि पहिल्यापासून घडी केली. दोरी ताणली. कप्पा बंद केला, लाल दोरा बांधला. सरांनी बोचकं पाठीवर चढवलं, पट्टे आवळले, आणि निघायच्या आधी थबकले.

"अक्का," राणीने हाक मारली, "जरा देख लो ना."

सरांनी निशिगंधाकडे बघितलं नाही. नुसती तिच्याकडे पाठ केली आणि उभे राहिले.

ती उठली. कप्प्याचं झाकण उचललं. खिडकीत हिरवं होतं. तिने झाकण लावलं, आणि थाप द्यायला वर गेलेला हात तसाच थांबला. तिने झाकण पुन्हा उचललं. हिरवंच होतं. विमानाचा पंखा सुरू झाला, शेडचा पत्रा थरथरायला लागला, दारातून कुणीतरी हात हलवून बोलावत होतं.

"झालं का?" सरांनी मागे न वळता विचारलं.

"थांबा सर," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा बघितलं.